‘आणखी कशामुळे?’ : मानसशास्त्रातला पहिला अभ्यास आखताना

मानसशास्त्राकडे माणूस येतो तो कुतूहलापोटी. विसर का पडतो, भीती कशी जाते, चारचौघांत आपण वेगळे का वागतो. मग समोर येतो ‘संशोधन पद्धती’ हा विषय. परिवर्त्य, नमुना, सार्थकता, विश्वसनीयता यांच्या व्याख्या पाठ होतात, परीक्षेत लिहूनही होतात. पण स्वतःचा एखादा अभ्यास आखायला बसलं की कागद कोराच राहतो. माझीही सुरुवात अशीच झाली. व्याख्या येत होत्या, त्या कशासाठी आहेत ते कळत नव्हतं.

ते कळलं एका प्रश्नामुळे. कुठलाही निष्कर्ष दिसला की विचारायचं, हे आणखी कशामुळे घडलं असेल? नियंत्रित गट (ज्याच्यावर उपाय केलेला नाही असा तुलनेचा गट), यादृच्छिक वाटणी (कोण कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणं), डबल ब्लाइंड (कोण कुठल्या गटात हे सहभागी आणि मोजणारा दोघांनाही माहीत नसणं) ही सगळी अवजारं याच प्रश्नाला तोंड देण्यासाठी घडली आहेत. म्हणून नव्याने शिकणाऱ्याला माझा आग्रह असतो, की एक छोटा अभ्यास पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करा. पुढे तो क्रमाने दिला आहे. उदाहरण एकच धरू. पाठांतर करताना मोबाइल समोर असला, तर कमी लक्षात राहतं का?

आधी एका घोड्याची गोष्ट

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गाजत होता. बेरीज-वजाबाकी विचारली की तो खूर आपटून उत्तर द्यायचा. मालक फॉन ओस्टेन लबाडी करत नव्हते. १९०४ मध्ये एका समितीने तपास केला, तिलाही हातचलाखी सापडली नाही. मग ऑस्कर प्फुंग्स्ट यांनी वेगळा विचार केला. घोड्याला खरंच गणित येत असेल, तर विचारणाऱ्याला उत्तर माहीत असण्या-नसण्याने फरक पडायला नको. त्यांनी उत्तर माहीत नसलेल्या माणसाला प्रश्न विचारायला लावले. विचारणारा घोड्याला दिसणार नाही, अशीही व्यवस्था केली. दोन्ही वेळा हान्स चुकू लागला. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि तेवढं बघून घोडा थांबायचा. प्फुंग्स्ट यांनी हे १९०७ मध्ये प्रसिद्ध केलं.

प्फुंग्स्ट नुसता संशय घेऊन थांबले नाहीत. दोन स्पष्टीकरणं समोरासमोर ठेवून त्यांनी अशी परिस्थिती उभी केली, की पहिलं खरं असेल तर एक घडेल आणि दुसरं खरं असेल तर दुसरंच. अभ्यास आखणं म्हणजे हेच करणं. स्वतःचा अभ्यास सुरू करण्याआधी याची थोडी सवय लावून घ्या. आठवड्याला एक शोधनिबंध निवडा, सारांश वाचा, मग थेट ‘पद्धत’ हा भाग. शेवटची चर्चा झाकून ठेवा आणि निकालाची तीन पर्यायी कारणं स्वतः लिहा. नंतर चर्चा उघडून लेखकांनी त्यातल्या कुठल्या कारणांचा बंदोबस्त केला ते बघा. सुरुवातीला संख्याशास्त्राचा भाग समजला नाही तरी अडत नाही.

विषयातून प्रश्न काढा

‘मोबाइलचा मनावर होणारा परिणाम’ हा विषय झाला. प्रश्न व्हायचा तर त्याचं उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकलं पाहिजे, आणि ते आलं तर ओळखू आलं पाहिजे. मी एक कसोटी वापरते: उत्तर कुठल्या दोन आकड्यांच्या तुलनेतून मिळणार, ते एका वाक्यात सांगायचं. आपल्या उदाहरणात एक आकडा मोबाइल समोर असताना आठवलेल्या शब्दांचा, दुसरा मोबाइल समोर नसताना आठवलेल्या शब्दांचा. हे वाक्य जमत नसेल तर प्रश्न अजून मोठा आहे.

मोजायचं म्हणजे नेमकं काय करायचं

इथे घाई करू नका. नवशिक्यांचे बहुतेक अभ्यास इथेच ढासळतात आणि ते लक्षात येतं शेवटी, आकडे हातात आल्यावर.

‘लक्षात राहणं’ डोळ्यांना दिसत नाही, दिसते ती कृती. म्हणून ती कृती लिहायची. २० शब्दांची यादी, प्रत्येक शब्द पडद्यावर २ सेकंद. मग एक मिनिट १०० पासून तीन-तीन वजा करत मागे मोजणं. मग ३ मिनिटांत आठवतील तितके शब्द, कुठल्याही क्रमाने. बरोबर शब्दांची संख्या म्हणजे आपलं ‘स्मरण’. याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. वजाबाकी कशाला, असं कुणी विचारेल. ती नसेल तर यादीतले शेवटचे शब्द अजून मनात घोळत असतात आणि ते सगळ्यांनाच सांगता येतात.

‘मोबाइल समोर’ याचीही अशीच चिरफाड करा. कुणाचा मोबाइल? चालू की बंद? पालथा की सुलटा? हातापासून किती अंतरावर? आणि मोबाइल नसेल तेव्हा त्या जागी काय? टेबल रिकामं ठेवलं, तर फरक मोबाइलमुळे पडला की समोर कुठलीही वस्तू असल्यामुळे, हे सांगता येणार नाही. म्हणून मोबाइलच्याच आकाराची एक वही ठेवायची. तेव्हा मोबाइल कुठे? दुसऱ्या खोलीत ठेवला तर काहींना त्याचीच हुरहूर लागेल आणि उलटाच परिणाम दिसेल. स्वतःच्याच पिशवीत, नजरेआड ठेवला तर ही अडचण बरीच कमी होते. एवढ्याशा गोष्टीत ‘आणखी कशामुळे?’ तीनदा विचारावं लागलं.

जे आपण बदलतो ते स्वाश्रयी परिवर्त्य आणि जे मोजतो ते आश्रयी परिवर्त्य. बोलताना सगळे इंडिपेंडंट आणि डिपेंडंट व्हेरिएबल म्हणतात, तसं म्हटलं तरी बिघडत नाही.

प्रश्नावली वापरणार असाल तर शब्दांना जपा. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या धडकेची एकच चित्रफीत दाखवली. ५० जणांना विचारलं, गाड्या एकमेकींवर ‘आदळून चुरडल्या’ तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या ५० जणांसाठी क्रियापद साधं होतं, ‘धडकल्या’. उरलेल्यांना वेगाबद्दल काहीच विचारलं नाही. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली का? चित्रफितीत काच नव्हतीच. पहिल्या गटातले १६ जण ‘हो’ म्हणाले, दुसऱ्यातले ७, तिसऱ्यातले ६. एका क्रियापदाने आठवण बदलत असेल, तर आपल्या प्रश्नावलीतला प्रत्येक शब्द किती तपासून घ्यायला हवा!

म्हणून सुरुवातीला स्वतःची प्रश्नावली बनवू नका, तपासलेली मापनश्रेणी घ्या. ती दुसऱ्या भाषेतली असेल तर एकाने अनुवाद करायचा, दुसऱ्याने मूळ न बघता तो पुन्हा मूळ भाषेत न्यायचा, आणि मग दोन्ही मजकूर शेजारी ठेवून फरक शोधायचे. विश्वसनीयता आणि वैधता यांतली गल्लतही इथेच सुटते. गणिताच्या चाचणीतले प्रश्न फार अवघड भाषेत लिहिले, तर तोच विद्यार्थी दर वेळी तेवढेच गुण मिळवेल. चाचणी विश्वसनीय आहे, पण ती गणिताऐवजी वाचन मोजते आहे. वैधता नाही.

आराखडा

सोपा मार्ग असा दिसतो, की लोकांना मोबाइल किती वापरता हे विचारावं, स्मरण मोजावं आणि दोन्हींचा संबंध बघावा. हा सहसंबंधात्मक अभ्यास. पण ज्यांचं लक्ष मुळातच टिकत नाही ते मोबाइल जास्त बघत असतील, किंवा अपुऱ्या झोपेमुळे दोन्ही होत असेल. दिशा कळत नाही आणि तिसरं कारण लपून राहतं. तरी या पद्धतीला कमी लेखू नका. लहानपणी आई-वडील गमावण्याचा परिणाम अभ्यासायचा असेल, तर तो अनुभव आपण कुणाच्या वाट्याला देऊ शकत नाही. तिथे निरीक्षण आणि सहसंबंध हाच प्रामाणिक रस्ता.

आपल्याला मात्र मोबाइल ठेवता-काढता येतो, तेव्हा प्रयोगच करावा. कोण कुठल्या गटात जाईल हे नाण्याने किंवा संगणकाच्या यादृच्छिक आकड्यांनी ठरवा. ‘आधी आलेले या गटात, उशिरा आलेले त्या गटात’ असं कधीच नको, कारण आधी येणारी माणसं बऱ्याचदा वेगळ्या स्वभावाची असतात. यादृच्छिक वाटणीचं मोल हे, की आपल्याला न सुचलेली कारणंही ती दोन्ही गटांत योगायोगानेच विखुरते. लोकसंख्येतून यादृच्छिकपणे माणसं निवडणं ही वेगळी गोष्ट. वाटणीमुळे कारण-परिणामाबद्दल बोलता येतं, निवडीमुळे निष्कर्ष किती लोकांना लागू करायचा ते कळतं. या दोहोंची सरमिसळ मी अनुभवी विद्यार्थ्यांच्या प्रबंधातही पाहिली आहे. दुसऱ्या मुद्द्यावर मानसशास्त्राची बाजू बराच काळ लंगडी होती. मूठभर श्रीमंत पाश्चात्त्य देशांतल्या विद्यार्थ्यांवरून साऱ्या मानवजातीबद्दल बोललं जातं, हे हेन्रिक, हाइन आणि नोरेन्झायन यांनी २०१० मध्ये ठासून मांडलं.

दोन वेगळे गट घेण्याऐवजी प्रत्येकालाच दोन्ही परिस्थितींतून नेता येतं. मग माणसामाणसांतल्या स्मरणशक्तीचा फरक आड येत नाही आणि कमी सहभागी पुरतात. पण दुसऱ्या फेरीत सराव झालेला असतो किंवा कंटाळा आलेला असतो. शिवाय दोन फेऱ्यांना दोन याद्या लागतात आणि एखादी यादी सोपी निघू शकते. उपाय असा. मोबाइल आधी की वही आधी, आणि मोबाइलबरोबर यादी ‘अ’ की ‘ब’, यांच्या चार जोड्या होतात. चारही प्रकारची पाकिटं सारख्या संख्येने करा, पिसा आणि येईल त्याला वरचं पाकीट द्या.

हान्सला इथेही विसरू नका. सूचना तोंडी देण्यापेक्षा छापून द्या, म्हणजे आवाजातून आपली अपेक्षा झिरपणार नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला ती मोबाइलच्या फेरीतली आहे की वहीच्या, हे कळू देऊ नका.

नियंत्रित गट नसला की काय होतं

प्रयोग जमत नाही म्हणून अनेकजण ‘आधी मोजलं, मग काहीतरी केलं, नंतर मोजलं’ असा अभ्यास करतात. समजा ताण कमी करण्यासाठी आठ आठवड्यांचा श्वसनाचा वर्ग घेतला आणि ताणाचे गुण खाली आले. वर्गाचा उपयोग झाला?

डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९६३ मध्ये अशा आराखड्यातल्या धोक्यांची यादी केली. ती मी पाठ करायला सांगत नाही, आपल्या अभ्यासावर ठेवून बघायला सांगते. त्या आठ आठवड्यांत परीक्षा संपली असेल. काळ गेला तसा ताण आपोआप निवळला असेल. तीच प्रश्नावली दुसऱ्यांदा भरताना माणूस वेगळी उत्तरं देतो. ज्यांना फरक पडत नव्हता ते मध्येच सोडून गेले असतील आणि शेवटी मोजले गेले ते फक्त टिकलेले.

आणि सगळ्यात सहज निसटणारा धोका म्हणजे सरासरीकडे परतणं. ताण रोज वरखाली होतो. माणूस वर्गात नाव घालतो ते तो असह्य झाल्यावर, म्हणजे लाटेच्या टोकाला. टोकावरून पुढचं मोजमाप बहुधा खालीच येतं, मग मध्ये काहीही केलेलं असो. ‘सर्वांत कमी गुण मिळालेल्यांना’ किंवा ‘सर्वांत चिंताग्रस्त असलेल्यांना’ निवडून केलेल्या प्रत्येक अभ्यासात हे घडतं. उपाय साधा आहे. तितक्याच त्रासातल्या लोकांचा दुसरा गट, यादृच्छिक वाटणीने, प्रतीक्षा यादीत ठेवायचा. दोन्ही वेळा त्यांचंही मोजायचं आणि नंतर त्यांनाही तो वर्ग द्यायचा.

माणसं किती लागतील

‘३० पुरेत’ असं सर्रास सांगितलं जातं. त्याला आधार नाही. किती माणसं लागतील ते शोधायचा फरक केवढा आहे यावर ठरतं. जेकब कोहेन यांनी गटांमधल्या फरकासाठी (सरासरींतला फरक भागिले प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ०.२ लहान, ०.५ मध्यम आणि ०.८ मोठा अशी ढोबळ मापं दिली. फरक खरा असेल तर तो १० पैकी ८ वेळा सापडावा अशी अपेक्षा आणि सार्थकतेची नेहमीची ०.०५ ही पातळी (मुळात फरक नसताना तो ‘सापडला’ म्हणण्याची चूक ५ टक्क्यांपर्यंतच चालवून घेणं) धरली, तर दोन स्वतंत्र गटांच्या तुलनेत मोठ्या फरकासाठी प्रत्येक गटात २६ माणसं लागतात, मध्यमासाठी ६४, लहानासाठी ३९४. आपल्यासारख्या, प्रत्येकाला दोन्ही फेऱ्यांतून नेणाऱ्या आराखड्यात, फरकांची सरासरी त्यांच्या प्रमाण विचलनाच्या निम्मी धरली, तर ३४ पुरतात. चार प्रकारची पाकिटं सारखी वाटायची म्हणून ३६ घ्या. हे गणित जी-पॉवर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतं.

त्याआधी तीन-चार ओळखीच्यांवर रंगीत तालीम करा. २० पैकी २० शब्द सगळ्यांनाच आठवले तर यादी फार सोपी आहे, फरक दिसायला जागाच उरत नाही. ही माणसं खऱ्या अभ्यासात मोजायची नाहीत.

संमती

संस्थेत शिकत असाल तर पहिला सहभागी बोलावण्याआधी नैतिकता समितीची परवानगी घ्या. अभ्यास किती वेळाचा, त्यात काय करावं लागेल, माहिती कशी जपली जाईल आणि कुठल्याही क्षणी कारण न देता उठून जाता येईल, हे संमतीपत्रात साध्या भाषेत हवं. स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहभागींना दुसऱ्या माणसाला विजेचे धक्के द्यायला सांगितलं होतं. ४० पैकी २६ जण आज्ञा पाळत ४५० व्होल्टच्या खटक्यापर्यंत गेले. धक्के खोटे होते, पण त्या माणसांचा थरकाप आणि घाम खरा होता. त्या अभ्यासाबद्दलचा वाद अजून शमलेला नाही, आणि शमू नये असं मला वाटतं.

आपल्या प्रयोगात ‘मोबाइलमुळे विसर पडतो का ते बघतोय’ असं आधीच सांगितलं, तर माणसं त्या अपेक्षेप्रमाणे वागू लागतील. म्हणून ‘पाठांतराचा अभ्यास’ एवढंच सांगायचं आणि संपल्यावर लगेच सगळं उलगडायचं. त्यानंतरही कुणाला आपली उत्तरं द्यायची नसतील तर ती काढून टाकायची.

आधी लिहून ठेवा

कुठली तुलना करणार, किती माणसांवर थांबणार, कुणाची उत्तरं वगळणार (उदाहरणार्थ, मध्येच फोन उचललेल्यांची), हे आकडे बघण्याआधी लिहून तारीख घालून ठेवा. ओपन सायन्स फ्रेमवर्क या संकेतस्थळावर ते मोफत नोंदवता येतं.

याची गरज २०११ मध्ये जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि युरी सायमनसन यांनी दाखवली. आकडे बघत बघत निर्णय घेतले (अजून थोडी माणसं घेऊ, हे मोजमाप सोडून ते वापरू, एक गट वगळू), तर मुळात काहीच नसताना ‘काहीतरी सापडलं’ असं म्हणण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून सुमारे ६१ टक्क्यांवर जाऊ शकते. यात कुणी लबाडी केलेली नसते, प्रत्येक निर्णय त्या क्षणी योग्यच वाटतो. २०१५ मध्ये १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल सार्थक होता, पुनरावृत्तीत ३६ टक्क्यांत.

आकडे हातात आल्यावर

आधी आलेख काढा. प्रत्येक माणसाचा एक ठिपका, नुसती सरासरी नको. मग सार्थकतेकडे वळा, आणि ती सूत्राऐवजी मोजणीतून समजून घ्या.

रोनाल्ड फिशर यांनी १९३५ मध्ये एक उदाहरण दिलं. एक बाई म्हणतात, कपात दूध आधी घातलं की चहा, ते चवीवरून सांगेन. आठ कप ठेवायचे, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, आणि त्यांनी दूध आधीचे चार ओळखायचे. आठातून चार निवडण्याचे ७० प्रकार आहेत. नुसत्या अंदाजाने चारही बरोबर येण्याची शक्यता ७० त १, म्हणजे सुमारे १.४ टक्के. ‘पी’ची किंमत ती हीच, आणि ती ०.०५ हून कमी आली की निकाल सार्थक म्हणतात. परिणाम मुळात नसता, तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल किती वेळा दिसला असता? गृहीतक खोटं असण्याची शक्यता ती सांगत नाही. परिणाम केवढा आहे, हेही सांगत नाही.

हेच आपल्या आकड्यांवर करा. प्रत्येकाच्या वहीच्या फेरीतल्या शब्दांतून मोबाइलच्या फेरीतले वजा करा. मोबाइलचा परिणाम नसेल, तर प्रत्येक फरकाचं चिन्ह अधिक येणं की उणे, हे नाणेफेकीसारखं आहे. मग खरोखर नाणं उडवून चिन्हं बदला, सरासरी काढा, असं १०० वेळा करा आणि चिन्हाकडे न बघता तुमच्या खऱ्या सरासरीइतकी किंवा तिच्याहून मोठी सरासरी किती वेळा आली ते मोजा. एक संध्याकाळ जाते. त्यानंतर जामोवी किंवा जॅस्पमध्ये जोडीच्या टी-चाचणीचं (एकाच माणसाच्या दोन मोजमापांची तुलना करणाऱ्या चाचणीचं) बटण दाबलं की पडद्यावरचा आकडा ओळखीचा वाटतो. दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. ‘आर’ ही संख्याशास्त्रासाठीची संगणकभाषा पुढे शिकलात तर उत्तमच.

परिणाम दिसला नाही तरी लपवू नका. ३६ माणसांत मध्यम फरक सापडला नाही, एवढंच त्यातून कळतं. लहान फरक असूही शकतो.

लिहा, आणि दुसऱ्याच्या हातात द्या

अहवालात ‘पद्धत’ हा भाग सगळ्यात आधी लिहा, तोही अभ्यास चालू असतानाच. तो किती नीट लिहायचा याचा नमुना हेर्मान एबिंगहाउस. १८८५ मध्ये त्यांनी विस्मरणावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. सहभागी एकच, ते स्वतः. पण काय पाठ केलं, कधी, कितीदा आणि कसं मोजलं, हे इतकं नेमकं लिहून ठेवलं होतं, की २०१५ मध्ये ते प्रयोग पुन्हा करता आले आणि विस्मरणाची वक्ररेषा बरीचशी तशीच आली.

तुमचा ‘पद्धत’ भाग या विषयातल्या नसलेल्या मित्राला द्या आणि त्याला तुमच्यावरच तो प्रयोग करायला सांगा. तुम्ही गप्प बसायचं. मोबाइल कुठे ठेवू, वेळ संपल्यावर थांबवू का, अर्धवट लिहिलेला शब्द धरू का, असं जे जे तो विचारेल, ते लिहायचं राहून गेलंय. त्या जागा भरा, मग पाकिटं पिसा आणि पहिल्या सहभागी व्यक्तीला बोलवा.